किती वक्ताच्या भाकरी

बँकॉकहून नॉम पेनला विमानानं सव्वा तास लागतो. नकाशावर दोन्ही शहरांत सरळ रेघ मारली तर पाचशेच्या थोडं वर किलोमीटर भरतात. रस्त्यानं गेलात तर साडेसहाशेच्या पुढे. पहिलं शहर थायलंडची राजधानी, दुसरं कंबोडियाची. मी यातलं एकही पाहिलेलं नाही. विमानातही कधी बसलेली नाही. एकदा नांदेडच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून एक विमान पाहिलं होतं, तेवढीच आमची ओळख. तरीही हे अंतर मला माझ्या गावाच्या बसच्या वेळेसारखं पाठ आहे, आणि त्याला कारण माझा स्वभाव.

स्वभाव संशयी आहे. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. हिंगोलीच्या मोंढ्यात एका आडतीवर हळदीच्या काट्याशी बसण्यात माझी निम्मी उमर गेली. हळद आणणारा म्हणतो, चांगली खडखडीत वाळलीय. घेणारा म्हणतो, ओली आहे. दोघंही माझ्याकडे अशा निरागस चेहऱ्यानं बघतात की यांना खोटं बोलायला कुणी शिकवलंच नसावं. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघावं लागतं. वर खडखडीत, खाली दमट, हे रोजचंच. माझे मिस्टर म्हणतात, घरी आलीस तरी तुझा हात पोत्यातच असतो. असेल. भाजीवाल्यानं 'ताई, खास तुमच्यासाठी ठेवलीय' म्हटलं की मी पुढच्या गाड्यावर जाते. माझ्यासाठी काय म्हणून ठेवलीस बाबा, मी तुझी कोण लागते?

माझ्या भाच्यानं माझं नाव 'पोलीस मावशी' ठेवलं होतं. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावर दिलेली. मेहुणा हंगामात ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्यावर जातो, त्यामुळे मी सांगतेय त्या सगळ्या काळात तो घरी नव्हता. घरी होते मायलेकच. पोरानं नांदेडला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला, पुण्यात थोडे दिवस काढले, परत आला आणि हळदीच्या वाफ्यांत उभा राहून मोबाईलला रेंज शोधायला लागला. चांगला पोरगा. तोंडाळ, पण मनानं साफ. माझी मुलगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिच्यासाठी पेढे घेऊन हिंगोलीला आलेला तो एकटाच.

संक्रांतीनंतर एक दिवस तो माझ्या घरी आला आणि मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "मावशी, वाच."

नोकरी लागली होती. काम कॉम्प्युटरवर. कंपनी नॉम पेनला. हैदराबादहून विमानानं बँकॉक, तिथून पुढे दुसऱ्या विमानानं नॉम पेन. राहणं-खाणं कंपनीचं आणि तिकिटाचा खर्चही कंपनीचाच.

सगळं वाचून माझी नजर परत त्या तिकिटावर गेली. आमच्या मोंढ्यात फुकट चहा पाजणारासुद्धा आधी पोत्याला हात लावून ठेवतो.

"हे तुला ओळखतेत कुठून?" मी विचारलं.

"ऑनलाइन मुलाखत झाली मावशी. दहा मिनिटं इंग्रजीत बोललो मी."

"दहा मिनिटं बोलून कोणी इमानाचं तिकीट काढतं का?"

तो हसला. "तू काट्यावर बस. हे तुझ्या काट्यात मावायचं न्हाई."

इथं मला थोडं मागं जायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरायचे, असं आम्ही ऐकत आलो. माझ्या बापानं बैल हाकले ते ऊसतोडीच्या गाडीचे. दसरा झाला की तांड्यावर ट्रक यायचा आणि मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार सगळ्यांना गोळा करायचा. त्यात आम्ही, भांडी, शेळ्या, कोंबड्या, सगळे चढायचो. आणि कुठं चाललोय हे मुकादम कधीही खरं सांगत नसे. 'हे काय, नांदेडच्या जरा पल्याड' म्हणायचा आणि पार कर्नाटकात नेऊन टाकायचा. लांब म्हटलं तर बायका ट्रकमध्ये चढत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक.

म्हणून आमच्या तांड्यातल्या बायकांनी अंतर विचारायचंच सोडून दिलं होतं. त्या विचारायच्या, "किती वक्ताच्या भाकरी बांधू?" म्हणजे किती वेळच्या जेवणाच्या. आणि हे मुकादमाला नाही विचारायचं, ड्रायव्हरला विचारायचं. कारण ड्रायव्हरलाही भूक लागते. तो कोणाचं भलं-बुरं बघत नाही, आपल्या पोटाच्या हिशेबानं बोलून जातो. किलोमीटरमध्ये लबाडी करणाऱ्याला भाकरीत लबाडी करायचं सुचत नाही. ड्रायव्हर 'दोन वक्ताच्या' म्हणाला की बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मग मुकादमाशी भांडण सुरू व्हायचं.

मी सात-आठ वर्षांची असतानाची गोष्ट. आईला आम्ही याडी म्हणतो. याडी पोटुशी होती, दिवस भरत आले होते. त्या वर्षी ड्रायव्हर नवा होता आणि तो कॅबिनमधून खाली उतरलाच नाही. याडीनं खालून हाक मारून विचारलं तर मधूनच मुकादम बोलला, "एका वक्ताच्या बांध की बाई. सांजच्याला आपल्या कोपीत चूल पेटवशील." कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी. याडीनं एका वक्ताच्या बांधल्या. ट्रक ती रात्र चालला, दुसरा दिवस चालला, दुसरी रात्रही चालला. भाकरी पहिल्याच दिवशी संपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या सावलीत, बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला आणि माझी धाकटी बहीण जन्माला आली. याडीच्या पोटात अन्न नव्हतं. तिचं ते उपाशी कण्हणं मला अजून ऐकू येतं, आणि त्या मुकादमाचा राग अजून येतो. मेला तो, तरी येतो.

बहीण मात्र त्याचं हसू करते. जन्मगाव विचारलं की म्हणते, "मला गावच न्हाई. मी रस्त्यात झाले."

तर भाच्याचं तिकीट बघितल्यावर माझ्या डोक्यात हे सगळं परत वर आलं.

मी त्याच्याकडून त्या माणसाचा नंबर घेतला, ज्यानं नोकरी लावली होती. स्वतःला कन्सल्टंट म्हणवायचा. मराठी गोड, शहरी. प्रत्येक वाक्यात ताई. मी इकडचं तिकडचं विचारलं आणि मधेच टाकलं, "बँकॉकपासून ते नॉम पेन किती लांब हो?"

"अहो ताई, विमानानं सव्वा तास. डुलकी लागेपर्यंत पोचतो माणूस."

फोन ठेवून मी मोबाईलवर शोधलं. सव्वा तास. बराबर. अगदी बिनचूक.

दुसरी कोणी असती तर तिचं समाधान झालं असतं. माझी झोप उडाली. मोंढ्यात जो माणूस पोतं काट्यावर चढायच्या आधी नेमकं वजन सांगतो, त्यानं ते पोतं घरी पाणी मारून तोललेलं असतं. सव्वा तास हे उत्तर त्यानं फार वेळा दिलेलं होतं, हे त्याच्या आवाजातच होतं.

मग मी भाच्याच्या मोबाईलवरचा कागद परत मागवला. सकाळी बँकॉकला उतरणं. आणि नॉम पेनला कंपनीत हजर होणं दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. सव्वा तासाच्या वाटेला एवढा वेळ लागतो कशाला? आणि पहिल्या विमानाचं तिकीट होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

मी परत फोन लावला.

"ताई, तिकडे घड्याळ वेगळं असतं ना," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, लहान मुलीला सांगावं तसं. "परदेशात वेळ पुढे-मागे होते. त्यामुळे कागदावर तसं दिसतं."

मी ते पण शोधलं. बँकॉकचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं आहे, ते खरं. नॉम पेनचंही दीड तासच पुढं आहे. दोन्ही शहरांत एकाच वेळी बारा वाजतात. पुढे-मागे काही होत नाही.

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा घड्याळाचं त्यानं सोडूनच दिलं. म्हणाला, कंपनी एक दिवस हॉटेलात आराम करू देते, दुसरं तिकीट तिथं हातात मिळतं, सगळ्यांनाच तसं मिळतं. चौथ्यांदा उचलला नाही. पण त्यानं भाच्याला फोन करून सांगितलं की तुमच्या घरचे फार शंका घेतात, अशा मुलांना कंपनी शेवटच्या क्षणीही बाद करते, तुमच्या जागेसाठी शंभर जण रांगेत आहेत.

त्या रविवारी मी बहिणीच्या घरी गेले. हळद शिजवण्याचे दिवस. साऱ्या शिवारात कढईखालचा धूर आणि उकडलेल्या हळदीचा वास. ओसरीवर भाचा बसलेला, माझ्याकडे न बघता.

"मावशी, तू त्यांना किती फोन केलेस?"

"लागले तेवढे केले. त्यो खोटं बोलून राहिला. दोन शहरांत घड्याळ येकच हाय, अन् त्यो म्हणतो येळ बदलती."

"चुकून म्हणला असंल. तुला काय, माणूस एका शब्दाला चुकला की चोर."

"दुसरं तिकीट कुठं हाय?"

"तिथं भेटल. मावशी, हे उसाचं न्हाई. हे इमान हाय. इमानात मुकादम नसतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमी ट्रकात बसून गेल्या म्हणून मी पण ट्रकातच बसावं का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विमानाच्या तिकिटावर शहराचं नाव छापलेलं असतं, वेळ छापलेली असते. आमच्या ट्रकवर यातलं काही नव्हतं. विमानाला आमचे जुने नियम लागू नाहीत, असं सगळ्या तांड्यालाच वाटत होतं. पहिल्यांदा कोणीतरी विमानानं चाललं होतं. शेजारच्या बाया त्याच्या बॅगेला हात लावून बघून गेल्या होत्या.

मी म्हटलं, "मी एवढंच म्हणते की थांब जरा."

तेव्हा बहीण चुलीपासून उठून दारात आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "बाई," ती म्हणाली. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. "तुझी लेक पुण्यात नोकरीला हाय. माझं लेकरू इथं वाफ्यात हुबं राहावं, असं वाटतं का तुला?"

मला फार लागलं. मी चहा न घेता निघाले. जीपमध्ये बसल्यावर मी स्वतःलाच तपासायला लागले, पोत्यात हात घालावा तशी. खरंच तसं आहे का? माझ्या मुलीपेक्षा तो पुढे जाईल, परदेशात जाईल, याचं कुठं खालच्या थरात दुखतंय का? साखऱ्यापासून हिंगोलीपर्यंत मी शोधत राहिले. मला काही सापडलं नाही. पण जगावर संशय घेणाऱ्या बाईनं स्वतःला निर्दोष ठरवलं तर त्यावर कोण विश्वास ठेवेल? मीसुद्धा धड ठेवला नाही.

त्यानंतर दोन आठवडे बहिणीचा फोन नाही, माझा नाही. मी काट्यावर बसून वजनं सांगत होते आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर ते दोन ठिपके बघत होते. बँकॉक, नॉम पेन. हिंगोली ते मुंबई जेवढं, त्याहून रस्त्यानं थोडं जास्तच. म्हणजे संध्याकाळी बसमध्ये बसावं आणि सकाळी अंग मोडून उतरावं, एवढं. विमानानं सव्वा तास. एवढ्या छोट्या वाटेत माणसाचं काय बिघडेल, असं मीच मला सांगायचे आणि मलाच ते पटायचं नाही.

निघायचा दिवस मला मिस्टरांकडून कळला; त्यांना भाच्यानं फोन केला होता. दुपारी हिंगोलीहून नांदेड, तिथून रेल्वेनं हैदराबाद. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं तांड्यावर गेले. कोणी बोलावलं नव्हतं. जाताना मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही, फक्त पोराला डोळे भरून बघायचं.

बहीण चुलीपुढं बसली होती. दशम्या करत होती, दुधात भिजवलेल्या, प्रवासात टिकतात त्या. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "आलीस का. बस." आणि परातीतलं निम्मं पीठ माझ्याकडं सरकवलं.

आम्ही दोघी थापत राहिलो. भाचा आत-बाहेर करत होता, चार्जर शोधत होता, कोरी जीन्स चालताना फरफर वाजत होती. बहिणीनं कापडाचं फडकं पसरलं, त्यावर दशम्या रचायला लागली आणि रचता रचता थांबली. हाताला आकडा हवा होता. मग तिच्या तोंडून ते आपसूक निघालं, याडीच्या सुरात.

"किती वक्ताच्या बांधू रे?"

भाचा हसला. "मम्मी, इमानात जेवण देतेत."

"इमानात देतेत. उतरल्यावर?"

"उतरल्यावर सव्वा तास तर हाय."

"मंग मधी हाटेलात नेतेत ना. तिथलं तुला पचल का? पुण्यात काय झालं होतं तुझं?" तिनं दशमीवर तूप लावलं. "इचार ना कोणाला तरी. तुला घ्यायला जो येणार हाय, त्याचा नंबर हाय म्हणलास."

बँकॉकला विमानतळावर जो माणूस गाडी घेऊन येणार होता, त्याचा नंबर दिलेला होता. हिंदी बोलणारा. भाच्याला निघायच्या दिवशी आईचं मन मोडायचं नव्हतं. त्यानं नेटवरून फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि हसत हसत तिच्यापुढं धरला.

बहिणीची हिंदी बाजारातली. "भैया, मैं इसकी माँ. लड़के के साथ रोटी बांध के दे रही. हवाई जहाज से उतरने के बाद कितने टाइम की लगती?"

पलीकडून आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा, पण वाईट नाही. चांगल्या माणसाचा आवाज वाटला मला, आणि हे मी क्वचितच म्हणते.

"अम्मा, दो टाइम की बांध दो. ज़्यादा ही दे दो, साथ में और लड़के रहते हैं. गाड़ी बीच में कहीं रुकती नहीं."

"मोटर गाड़ी?"

"हाँ, गाड़ी. और अचार मत देना अम्मा. खिड़की नहीं खोलते, बास भर जाती है."

"अच्छा भैया," बहीण म्हणाली. तिनं फोन भाच्याला परत दिला.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

बहिणीनं विचारलं, माझ्याकडं न बघता, "बाई, ते इमानाचं किती म्हणली होतीस?"

"सव्वा तास."

"अन् मोटारीनं?"

"मुंबईपेक्षा जास्त. दिवसभर जाईल. मधी देशाची सीमा हाय, ती येगळीच."

ती दशम्यांकडे बघत राहिली. माझा सव्वा तास आणि तिच्या दोन वक्ताच्या भाकरी तिथं त्या फडक्यावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. एकटा सव्वा तास मी महिनाभर बडबडत होते, त्यानं काही झालं नव्हतं. एकट्या भाकरींनीही झालं नसतं. दोन वक्ताच्या म्हटल्यावर तिनं निमूट दोन वक्ताच्या बांधल्या असत्या.

"मम्मी," भाचा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं, विसरून राहिलं होतं. "त्याला म्हाईत नसंल. त्यो निस्ता ड्रायव्हर हाय. कोणत्या पोरांचं कोणतं, त्याच्या ध्यानात नसंल."

"त्याला लोणच्याचा वास म्हाईत हाय," बहीण म्हणाली.

भाचा खाली बसला. तिथंच, उंबऱ्यावर, कोरी जीन्स धुळीत.

नंतर बरंच बोलणं झालं. त्यानं त्या कन्सल्टंटला फोन लावला आणि दुसऱ्या विमानाचं तिकीट आत्ता पाठवा म्हणाला. तिकडून आधी ताई-दादा झालं, मग कंपनीची पद्धत झाली, मग आवाज चढला. आमचा पाठवणीचा खर्च झालाय, आता मागं फिरता येणार नाही, बघून घेऊ. भाचा ऐकत होता. त्यानं फोन ठेवला. लगेच परत वाजला. त्यानं तो पालथा घातला. पालथा फोन फरशीवर गुरगुरत हळूहळू सरकत होता, आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो.

बहिणीनं फडक्याची गाठ सोडली. दशम्या ताटांत वाढल्या. वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढली आणि तिघांच्याही ताटात भरपूर वाढलं, कारळाची चटणी असतानाही.

"जेव," ती लेकाला म्हणाली. "इथंच जेव."

तो जेवला. खाली मान घालून जेवला. दुपारची गाडी केव्हाच निघून गेली होती. जेवता जेवता बहीण एकदम म्हणाली, "याडीनं येका वक्ताच्या बांधल्या होत्या," आणि तिला रडू आलं. जन्मगावाचं हसू करणारी माझी बहीण त्यावर रडताना मी पहिल्यांदा पाहिली. मीही रडले. भाचा गोंधळून दोघींकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि तो दोघं पोलीस ठाण्यात जाऊन दोन्ही नंबर देऊन आलो. त्यांनी लिहून घेतले. कन्सल्टंटचा नंबर त्याच संध्याकाळपासून बंद लागायला लागला. ड्रायव्हरचा मात्र आणखी काही दिवस लागत होता. फक्त कोणी उचलायचं नाही.

तो माणूस नक्की कोण होता, गाडी कुठं जाणार होती, तिथं कोणती कंपनी होती की नव्हती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरांना परदेशात डांबून त्यांच्याकडून फसवणुकीची कामं करून घेतात, असं वर्तमानपत्रात मधूनमधून येतं, तसलंच काही असेल, किंवा नसेलही. भाचा आता नांदेडला एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्याशी बोलतो. पोलीस मावशी म्हणत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. कधीकधी त्याच्या नजरेत मला दिसतं की त्याला अजून वाटतंय, कदाचित खरीच नोकरी होती, आणि दोन बायांनी दोन भाकरींवरून ती घालवली. मी त्याला दोष देत नाही. जे घडलंच नाही, त्याचा पुरावा मी कुठून आणू?

परवा मोंढ्यातून त्याला फोन केला होता. सहज. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, एक इचारू? ती गाडी कुठं जात असंल?"

मी म्हटलं, "म्हाईत न्हाई रे."

पण मी बघत असते. काट्यावर गर्दी नसली की मोबाईलवर नकाशा उघडते. नॉम पेनकडे आता बघतही नाही. बँकॉकवर बोट ठेवते आणि तिथून दोन जेवणांच्या अंतरावर चारी दिशांना बोट फिरवते. डोंगर आहेत, नद्या आहेत, तीन-चार देशांच्या सीमा आहेत. खूप जागा आहे. त्यातल्या कुठल्यातरी रस्त्यानं त्या आठवड्यात एक गाडी खिडक्या बंद करून गेली असणार, आमची एक जागा रिकामी ठेवून किंवा भरून. साथ में और लड़के रहते हैं, असं तो म्हणाला होता. ज़्यादा ही दे दो, असंही म्हणाला होता. म्हणजे त्यांच्याजवळ भाकरी नसायच्या. त्यांच्या घरी सगळ्यांना सव्वा तासच सांगितलेलं असणार.